कोळसा आणि किरीट

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जडजवाहिरांचे जे दालन आहे, तेथे रत्नखचित शिरोभूषणांच्या काचपेटीसमोर कोणीही मनुष्य फार वेळ स्थिर उभा राहत नाही, ही गोष्ट माझ्या ध्यानात आली ती वस्तूंपेक्षा वस्तू पाहणाऱ्यांकडे पाहत बसण्याच्या माझ्या जुन्या खोडीमुळे. चित्रासमोर माणूस थबकतो, मूर्तीसमोर दोन पावले मागे सरतो; टियारासमोर मात्र तो नकळत डोलू लागतो. मान किंचित डावीकडे जाते, मग उजवीकडे, मग टाचा उंचावतात आणि पुन्हा टेकतात. आणि असे करता करता एखाद्या पैलूतून अकस्मात निळी ठिणगी निघाली, की भल्या गंभीर, वयोवृद्ध गृहस्थांच्या मुद्रेवरही क्षणभर बालसुलभ संतोष उमटतो. हे आभूषण ज्या काळी घडले, त्या काळी हे श्रम प्रेक्षकाला पडत नसत. ज्या मस्तकावर ते विराजे ते मस्तकच जिन्यावरून सावकाश उतरे, मेजवानीत शेजारच्या उमरावाकडे कलून बोले, नृत्याच्या आवर्तनात फिरे. आणि भोवतालच्या शेकडो मेणबत्त्यांच्या ज्योतीही स्वतः कापत असत. आज ते मस्तक नाही आणि त्या ज्योतीही नाहीत, म्हणून त्या मानेचे काम पाहणाऱ्यांच्या माना करतात.

व्हिक्टोरियन काळातले असे आभूषण मागल्या बाजूने न्याहाळण्यात निराळेच सुख आहे. समोरून हिरे चांदीत जडवलेले असतात, कारण हिऱ्याच्या शुभ्रतेला सोन्याची पिवळी छाया सोसत नाही. परंतु चांदी काळवंडते आणि त्वचेला व वस्त्राला डाग पाडते, म्हणून पाठीमागून सोन्याचा पत्रा चढवलेला असतो. त्या सोन्यावर बारीक मळसूत्रे दिसतात. ती फिरवली, की मधले फूल सुटून निघते आणि छातीवर टाचता येते. काही आभूषणांचा तर सारा पट्टाच चौकटीपासून अलग होऊन कंठा बनतो, आणि हा कायापालट घडवण्यासाठी लागणारे चिमुकले पेचकसही मखमलीचे अस्तर लावलेल्या त्याच पेटीत एका खाचेत निजलेले असते. चौकटीच्या तळाशी केसांच्या रंगाशी मिळणारी मखमली फीत गुंडाळण्याची चाल होती, म्हणजे धातू कपाळाला रुतत नाही आणि हिरे जणू केसांतूनच उगवल्यासारखे भासतात. ही सारी सिद्धता दासीच्या हातची. तिने वेण्या घालाव्यात, त्यांच्यात चौकट अडकवावी, काट्यांनी घट्ट करावी. आणि मग जिच्या डोक्यावर हे सारे चढले, तिला आरशासमोरून उठल्यानंतर रात्रभर त्याचे दर्शन नाही. बोटातली अंगठी स्वतःला दिसते, मनगटातले कंकण दिसते. मस्तकावरचा किरीट तेवढा धारण करणारीला कधी दिसत नाही. तिच्या वाट्याला त्याचे वजन, आणि पुष्कळदा मध्यरात्रीनंतरची मस्तकपीडा.

आपल्याकडच्या स्त्रियांनी केसांसाठी मूद, राखडी, केतक, अग्रफूल असे नाना अलंकार घडवून घेतले. परंतु त्यांतले बहुतेक पाठीमागे, वेणीवर किंवा अंबाड्यावर बसणारे. देवळाच्या पायऱ्या चढणाऱ्या स्त्रीची राखडी तिच्यामागून येणाऱ्यांना दिसे, समोरच्याला नाही. कपाळावर रत्न मिरवण्याचा मान आपल्या दरबारांत पुरुषांचा होता. शिरपेच, कलगी, मोत्यांचा तुरा ही सरदारांची लेणी, आणि ती खिलतीत मिळाली म्हणून बखरकार अगत्याने नोंदही करतात. इंग्रज उमरावांचा रिवाज नेमका उलटा. पुरुषाने काळा कोट घालून काळोखात मिसळून जावे, आणि घराण्याचे सारे वैभव पत्नीच्या भाळावर मांडावे. गंमत अशी, की खुद्द व्हिक्टोरिया राणीला ही समोरची मांडणी नेहमीच हवी होती असे नाही. १८४० साली, विवाहाच्या वर्षी, प्रिन्स अल्बर्टने स्वतः आराखडा काढून तिच्यासाठी नीलमणी आणि हिरे यांचे एक लहानसे शिरोभूषण जोसेफ किचिंगकडून घडवून घेतले. त्याची किंमत पडली ४१५ पौंड. विंटरहाल्टरने १८४२ मध्ये काढलेल्या तिच्या चित्रात ते कपाळावर नाही, मागच्या अंबाड्याभोवती आहे. आपल्याकडच्या एखाद्या गृहिणीला ती ठेवण ओळखीची वाटली असती.

परंतु राणीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्या काळातल्या दागिन्यांचा विचार करताना आठवते ती फ्रान्सिस ॲन, लंडनडेरीची मार्शनेस. ही १८०० च्या जानेवारीत जन्मली, म्हणजे शतकाच्या वयाइतकेच तिचे वय. आणि १८६५ च्या जानेवारीत वारली. सर हेन्री व्हेन-टेम्पेस्ट यांचे हे एकुलते अपत्य. १८१३ साली पिता निवर्तला तेव्हा या तेरा वर्षांच्या मुलीकडे इंग्लंडच्या उत्तरेकडील डरहॅम परगण्यातल्या विस्तीर्ण जमिनी वारसा हक्काने आल्या, आणि त्या जमिनींच्या पोटात कोळसा होता. अशा मुलीचा विवाह हा केवळ घरगुती मामला राहत नाही. तो चान्सरी न्यायालयात गेला, आप्तांनी हरकती घेतल्या, आणि अखेर १८१९ साली तिच्याहून वीस वर्षांवर वडील असलेल्या चार्ल्स स्ट्यूअर्टशी तिचे लग्न लागले. या वराने लग्नासाठी स्वतःच्या नावात वधूच्या कुळाचे व्हेन हे नाव घेतले, यावरून त्या कोळशाचे वजन किती होते हे ध्यानात यावे. पुढे सावत्रभाऊ कॅसलरे याच्या मृत्यूनंतर तो लंडनडेरीचा तिसरा मार्क्विस झाला.

चार्ल्स त्या वेळी व्हिएन्नात इंग्लंडचा वकील होता. नेपोलियनच्या पाडावानंतरचे ते दिवस; राजे, मंत्री आणि वकील एका शहरातून दुसऱ्या शहरात परिषदा भरवीत हिंडत होते, आणि दिवसा तहनाम्यांवर चाललेली घासाघीस रात्री नृत्यगृहात नजरेच्या भाषेत पुढे चालू राही. तेथे रशियाचा झार पहिला अलेक्झांडर या तरुण उमराव-पत्नीवर अनुरक्त झाला. त्याने तिला दिलेली सैबेरियातली जांभळी ॲमेथिस्टची रत्ने लंडनडेरी घराण्याच्या जवाहिरात पुढे पिढ्यान्‌पिढ्या मिरवली. नजराणा कोणत्या भावनेने दिला गेला याचा शोध घेण्याची आता जरुरी नाही. दगडाला भावना चिकटत नाहीत, आणि बादशहाचा नजराणा वकिलाच्या पत्नीने परत करणे हेही त्या काळच्या शिरस्त्यात बसले नसते. यांखेरीज घराण्याच्या हिऱ्यांचा एक भव्य टियारा १८५४ साली लंडनच्या गॅरर्ड पेढीने तिच्यासाठी घडवला. त्या वेळी दक्षिण आफ्रिकेच्या खाणी उघडल्या नव्हत्या. युरोपातले हिरे आले होते ते आधी हिंदुस्थानातून आणि मग ब्राझीलमधून, जेथे नदीच्या रेतीतून ते वेचणारे हात गुलामांचे होते.

आता या तेजाची दुसरी बाजू पाहावी, तर थेट भूगर्भात उतरावे लागते. डरहॅमच्या खाणींत हवा खेळती राहावी म्हणून ठिकठिकाणी लाकडी दारे बसवलेली असत. कोळशाची गाडी आली की दार ओढायचे आणि गाडी गेली की सोडायचे, एवढेच काम. आणि ते लहान मुलांना दिलेले असे. भिंतीत कोरलेल्या कोनाड्यात, हातात दोरी धरून, पुष्कळदा दिव्याशिवाय, बारा बारा तास ते पोर बसून राही. १८४२ साली सरकारी चौकशीचा अहवाल चित्रांसह प्रसिद्ध झाला तेव्हा सारे इंग्लंड शरमले, आणि स्त्रियांना व दहा वर्षांखालील मुलांना भूगर्भात उतरवू नये असा कायदा पार्लमेंटपुढे आला. उमरावांच्या सभागृहात त्याला हिरिरीने विरोध करणारा पुढारी होता लंडनडेरीचा हाच मार्क्विस. दोन वर्षांनी डरहॅमच्या खाणकामगारांनी संप केला, तेव्हा त्याने त्यांना घरांतून बाहेर काढले, आयर्लंडमधल्या आपल्या जमीनदारीवरून माणसे आणवली, आणि आपल्या सीअम या बंदरगावातल्या दुकानदारांना संपकऱ्यांना उधारी न देण्याची ताकीद दिली.

त्याच परगण्याच्या इतिहासात आणखी एका उजेडाची हकीकत आहे. खाणीतल्या वायूला ज्योत लागून स्फोट होत. १८१२ साली फेलिंग येथे अशा स्फोटात ९२ माणसे गेली. त्यानंतर सर हम्फ्री डेव्ही याने ज्योतीभोवती तारेची बारीक जाळी बसवून १८१५ मध्ये आपला सुरक्षित दीप सिद्ध केला. जाळी उष्णता शोषून घेते, त्यामुळे आतली ज्योत बाहेरच्या वायूपर्यंत पोचत नाही. आणि ज्योतीचा आकार व रंग बदलला, की भोवती वायू साचला आहे हे जाणत्याला कळते. जाळीमुळे उजेड मात्र फार मंद पडे. एकाच मालमत्तेत, एकाच रात्री, असे दोन प्रकाश नांदत होते: एक पाहण्यासाठी, दुसरा दिसण्यासाठी. पहिला ज्याच्या हाती होता त्याला कोणी पाहत नव्हते; दुसरा जिच्या मस्तकी होता तिला त्याच्या उजेडात काहीच दिसायचे नव्हते. मी हे न्यायनिवाड्यासाठी लिहीत नाही. कोळसा आणि हिरा ही एकाच मूलद्रव्याची रूपे आहेत हे शाळकरी पोरही सांगते, आणि त्या सत्यावरून नीतीचे धडे काढणे फार सोपे आहे. मला नवल वाटते ते इतकेच, की हे दोन्ही प्रकाश एकाच खतावणीत जमाखर्चाला पडत होते.

हे दागिने खरोखर कोणाचे होते, हाही एक विचार करण्याजोगा प्रश्न आहे. आपल्या धर्मशास्त्रकारांनी स्त्रीधनावर पुष्कळ खल केला. व्यवहारात त्याचे काय होई ते होवो, पण तत्त्व म्हणून ते तिचे, हे मान्य होते. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात विवाहानंतर पत्नीची जंगम मालमत्ता पतीची होई. तिच्या दर्जाला शोभतील एवढे अलंकार वैधव्यात तिने ठेवावेत अशी एक सवलत होती खरी, पण पतीने हयातीत ते विकले किंवा गहाण टाकले तर तिला तक्रारीला जागा नसे. विवाहित स्त्रीच्या स्वतंत्र मालमत्तेचा कायदा झाला तो १८८२ साली. बड्या घराण्यांनी कायद्याभोवती करारपत्रांची तटबंदी उभारली होती. पण तटबंदीच्या आतही मोठी रत्ने बहुधा किताबाशी बांधलेली असत. ती सून म्हणून अंगावर चढत आणि वडील मुलाचे लग्न झाल्यावर पुढच्या सुनेकडे जात. म्हणजे टियारा ही एका अर्थी वहिवाट होती, मालकी नव्हे. आणि वहिवाटीत अपघात व्हायचेच. फ्रान्सिस ॲनची नातसून थेरेसा, सहाव्या मार्क्विसची पत्नी, १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाच्या दिवशी शौचालयात गेली असता घराण्याचा टियारा भांड्यात पडला आणि तो काढण्यासाठी शस्त्रवैद्याचा चिमटा मागवावा लागला, अशी कथा सांगतात. एवढ्या थोर वंशपरंपरेतली ही एकच गोष्ट ऐकताना हिऱ्यांविषयी आपुलकी वाटते.

इंग्रज उमरावांच्या जवाहिरखान्यात एक दगड आमच्याकडूनही गेला आहे. नासक हिरा या नावाने जगाला ठाऊक असलेले ते रत्न त्र्यंबकेश्वराच्या देवस्थानचे, असे परंपरा सांगते. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि तो कंपनीच्या हाती लागून लंडनला रवाना झाला. तेथे रंडेल अँड ब्रिज या पेढीने त्याला नव्याने पैलू पाडले, आणि १८३७ साली, म्हणजे व्हिक्टोरिया गादीवर आली त्याच वर्षी, वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसने लिलावात ७,२०० पौंड मोजून तो घेतला. याच लिलावात त्याने अर्काटच्या नबाबाचे प्रसिद्ध हिरेही पदरी पाडले. त्र्यंबकच्या हिऱ्याचे वजन हिंदुस्थानातून निघताना नव्वद कॅरटच्या घरात होते. १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टनने त्याला पुन्हा घासल्यावर ४३.३८ कॅरट उरले. कोहिनूरची हकीकतही अशीच. १८५१ च्या प्रदर्शनात लोकांना तो फिका वाटला, अल्बर्टला तर फारच, म्हणून पुढच्या वर्षी त्याला सहाणेवर चढवले. १८६ कॅरटचा दगड १०५.६ कॅरटचा झाला. आपल्याकडचे रत्नपारखी दगडाचे वजन जपत आणि त्याच्या अंगभूत ओबडधोबडपणाला मान देत. तिकडे वजन खर्ची टाकून तेज विकत घेण्याची रीत. मेणबत्तीच्या समोर बसणाऱ्या समाजाला ती रीत सुचावी यात आश्चर्य नाही.

१८५४ साली, टियारा घडला त्याच वर्षी, फ्रान्सिस ॲनच्या पतीचे निधन झाले. यानंतरची तिची अकरा वर्षे मला तिच्या साऱ्या मेजवान्यांहून अधिक वेधक वाटतात. सीअमचे बंदर हे त्या दांपत्याचे साहस होते. कवी बायरनचे दुर्दैवी लग्न जेथे लागले तो वाडा आणि त्याभोवतीची जमीन विकत घेऊन, खडकाळ किनाऱ्यावर १८२८ साली त्यांनी बंदराची पायाभरणी केली, आणि १८३१ पासून त्यांचा कोळसा त्यांच्याच धक्क्यावरून जहाजांत पडू लागला. विधवा मार्शनेसने हा सारा कारभार कारभाऱ्यांवर न सोपवता स्वतःच्या हाती घेतला. १८६१ च्या अखेरीस मुत्सद्दी व लेखक डिझरायली तिच्याकडे पाहुणा गेला, तेव्हा त्याला आढळले ते असे, की तिने दगडी इमारतीत रीतसर कचेरी थाटली आहे, दर्शनी भागावर तिचे नाव व कुलचिन्ह आहे, वर तिचे निशाण फडकत आहे, आणि असंख्य गुमास्त्यांकडून ती प्रचंड उलाढाल करवून घेत आहे. लंडनच्या पार्क लेनवरील वाड्यात जिच्या मेजवान्यांना हा तरुण लेखक एके काळी संकोचाने जात असे, तिचे हे दुसरे रूप त्याने कौतुकाने टिपून ठेवले. कचेरीतल्या मेजाशी ती डोक्यावर हिरे घालून बसत नसणार. तेथे तिच्यापुढे खाणींचे नकाशे, जहाजांच्या याद्या आणि मजुरीचे तक्ते असणार. नृत्यगृहात ती घराण्याचे वैभव वाहून नेणारी होती. येथे ती स्वतः घराणे चालवीत होती. या दोहोंपैकी कोणत्या जागी तिला आपण खऱ्या अर्थाने आपण आहोत असे वाटले असेल, हे सांगायला तिचे एकही चित्र उपयोगी पडत नाही, कारण चित्रकारांना नेहमी दागिन्यांसह बोलावले जाई.

डिझरायली तेथे होता त्याच महिन्यात, डिसेंबर १८६१ मध्ये, अल्बर्ट वारला आणि इंग्लंडच्या दागिन्यांवर काळी छाया पसरली. राणीने रंगीत रत्ने दूर ठेवली. दरबारात जेटचे दागिने आले. हे जेट म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी गाडले गेलेले लाकूड, कोळशाचेच एक गुळगुळीत भावंड. ते यॉर्कशरच्या व्हिट्बी गावाजवळच्या कड्यांत सापडे, सीअमपासून त्याच किनाऱ्याने थोडे दक्षिणेला. कारागीर ते कोरत, त्यावर झिलई चढवीत, आणि काळ्या रेशमावर काळे मणी असे शोभत, की त्यांतून प्रकाश बाहेर न पडता आत ओढला जाई. ज्या राष्ट्राचे ऐश्वर्य कोळशावर उभे होते, त्याच्या राणीच्या गळ्यात कोळशाचे सगोत्र आले ते शोकाच्या निमित्ताने. १८६६ साली अल्बर्टनंतर प्रथमच पार्लमेंटच्या उद्घाटनाला ती गेली, तेव्हा राजमुकुट तिने उशीवर ठेवविला आणि डोक्यावर घातले ते त्याने आखलेले नीलमण्यांचे छोटे आभूषण. ज्याच्या डोळ्यांसाठी ते घडले होते, तो डोळे मिटून गेला होता.

फ्रान्सिस ॲनही त्याच्या वर्षभर आधीच गेलेली होती. सीअमची खाण तिच्या वारसांनी चालवली, आणि १८८० च्या ८ सप्टेंबरला तेथे स्फोट होऊन दीडशेहून अधिक माणसे व मुले दगावली. आत कोंडल्या गेलेल्यांपैकी एकाने मरणापूर्वी आपल्या पाण्याच्या टिनच्या बाटलीवर टोकदार वस्तूने बायकोसाठी पत्र कोरले. आपल्या आजारी पोराची चौकशी, देवाचे नाव, निरोप. जागा संपेल म्हणून अक्षरे एकमेकांना खेटलेली. धातूवर कोरीव काम करणारे हात त्या शतकात पुष्कळ होते. गॅरर्डच्या कारखान्यातले होते, व्हिट्बीतले होते. या हाताने ते काम कधीच शिकलेले नव्हते.

पुढे सगळेच विस्कटले. खाणी १९४७ साली सरकारजमा झाल्या. पार्क लेनवरचा लंडनडेरी हाउस १९६० नंतरच्या काही वर्षांत जमीनदोस्त होऊन तेथे हॉटेल उभे राहिले. आणि विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात सीअमच्या खाणीही बंद पडल्या, त्यांतल्या एकीचे नाव व्हेन-टेम्पेस्ट होते, फ्रान्सिस ॲनच्या माहेरचे. मात्र सीअमच्या किनाऱ्यावर आज देशोदेशीचे लोक वाकून काहीतरी वेचताना आढळतात. लंडनडेरींच्या जमिनीवर १८५३ च्या सुमारास बाटल्यांचा एक मोठा कारखाना निघाला होता आणि तो १९२१ पर्यंत चालला. दिवसाकाठी उरलेली काच सर्रास समुद्रात लोटली जाई. शंभर-सव्वाशे वर्षे लाटांनी ती घासली, आणि आता हिरव्या, निळ्या, क्वचित दोन-तीन रंग एकत्र मुरलेल्या काचेचे गोटे भरतीबरोबर वर येतात. यांना कोणा कारागिराने पैलू पाडलेले नाहीत, त्यांवर किताबाचा बोजा नाही, त्यांसाठी चान्सरीत कोणी गेले नाही. ज्याला सापडला त्याचा, एवढाच कायदा. गावातले कारागीर ते गोटे चांदीत बसवून अंगठ्या आणि कर्णफुले करतात, आणि पाठीमागून सोने लावण्याची कोणाला गरज वाटत नाही. अलीकडे मात्र वेचणाऱ्यांमध्ये कोणता रंग दुर्मिळ, कोणता सामान्य, याची प्रतवारी सुरू झाली आहे, उत्तम खड्यांना बरी किंमत येते, आणि आईने वेचलेला खडा लेकीला आणि लेकीचा नातीला देण्याच्या गोष्टीही घराघरांत बोलल्या जात असतील. त्या नातीने तो हट्टाने मागितला आणि भावंडांत त्यावरून कुरबुर झाली, की एखादा वकील आपली लेखणी सरसावीलच.